'आता उंदीर सुटले' हे कुणी सांगितलं?

पेशीवेडा:
सावली२१ यांनी परवा लिहिलं की २०१२ पासून उंदराच्या त्वचेची पेशी थेट मेंदूच्या मूलपेशीत (जिच्यापासून मेंदूतल्या इतर पेशी तयार होतात तिच्यात) बदलता येते, तेव्हा मेंदूच्या संशोधनासाठी जनावर मारायचं कारणच उरलेलं नाही; तरी मारतात ते सवयीपोटी आणि अनुदानापोटी. त्याखाली वाहवाही भरपूर झाली. पेशी वाढवण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत, त्यामुळे गप्प बसवेना. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा.

ती 'त्वचा' येते कुठून ते ऐका. गाभण मादी तेराव्या-चौदाव्या दिवशी मारतात. गर्भ बाहेर काढून त्यांची डोकी, यकृत आणि पाठीचा कणा वेगळा करतात. उरलेलं बारीक कातरून ट्रिप्सिनमध्ये, म्हणजे पेशी सुट्या करणाऱ्या पाचकरसात, ठेवतात. दुसऱ्या दिवशी बशीच्या तळाशी लांबुळक्या पेशी चिकटलेल्या दिसतात, ते फायब्रोब्लास्ट; यांनाच तुम्ही 'त्वचेच्या पेशी' म्हणता. कणा अगदी काटेकोर काढावा लागतो, कारण चेतासंस्थेची एखादी मूळची पेशी आत राहिली तर 'आम्ही बनवली' म्हणून तीच मोजली जायची. शिवाय या पेशी वाढवताना जे सीरम घालतात, ते कत्तलखान्यात गाईच्या पोटातल्या गर्भाच्या रक्तातून काढलेलं असतं.

जर्मनीत म्युन्स्टरला हान्स शोलर यांच्या गटाने २०१२ मध्ये सॉक्स-२, केएलएफ-४, सी-मिक, बीआरएन-४ असे मोजके जीन घालून याच पेशी मेंदूच्या मूलपेशी केल्या. काम अव्वल आहे. पेशीला आधी शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकेल अशा अवस्थेत न्यायचं आणि मग मेंदूकडे वळवायचं हा वळसा वाचतो, आणि त्या अवस्थेतल्या पेशी उरल्या तर गाठ होते तो धोकाही कमी होतो. पण पेशी खऱ्या आहेत हे ठरवायला त्या उंदराच्या मेंदूत सोडाव्या लागल्या आणि नंतर त्या मेंदूचे काप काढावे लागले. काम चांगलं आहे म्हणून त्याच्या नावावर खोटं खपवायचं का?

सावली२१:
तुमचं वर्णन वाचून जेवण गेलं नाही. पण यातून माझाच मुद्दा घट्ट होतो, हे तुमच्या लक्षात येतंय का? अमेरिकेत स्टॅनफर्डच्या व्हेर्निग यांच्या गटाने २०१० मध्ये त्वचेपासून थेट चेतापेशी केल्या, तेव्हा उंदरांच्या शेपटीच्या टोकाच्या पेशींवरही ते जमलं होतं. म्हणजे गर्भ लागतोच असं नाही, तो सोयीचा आहे म्हणून घेतात. आणि तिथल्याच ग्लॅडस्टोन संस्थेत यादोंग हुआंग यांच्या गटाने त्याच २०१२ मध्ये एकट्या सॉक्स-२ वर माणसाच्या त्वचेपासूनही मेंदूच्या मूलपेशी केल्या. माणसाची त्वचा चालते तर उंदीर हवाच कशाला? उंदराला आपणहून पार्किन्सन होत नाही. विष टोचून त्याच्या मेंदूतल्या, हालचालीला लागणारं डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मारायच्या आणि मग 'आम्ही बरा केला' म्हणायचं. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये नियमांत पर्यायी पद्धतींना जागा झाली. तुम्हीच मागे राहिलात.

पेशीवेडा:
सक्ती काढली, बंदी घातलेली नाही. आणि बशीला प्रतिकारशक्ती नसते, हालचाल नसते, म्हातारपण नसतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला २०१३ मध्ये पार्किन्सनसारखा आजार आणलेल्या तीन रीसस माकडांच्या स्वतःच्या त्वचेपासून मेंदूच्या पूर्वज पेशी (पुढे चेतापेशी होऊ शकणाऱ्या) करून त्यांच्याच मेंदूत सोडल्या. सहा महिन्यांनी पेशी जगल्या होत्या, त्यांच्या चेतापेशी झाल्या होत्या, शरीराने नाकारल्या नव्हत्या. पेशी थोड्या होत्या, म्हणून आजारात फरक पडला नाही. तिथल्याच २०२१ च्या कामात ज्या माकडांना स्वतःच्या पेशी दिल्या त्यांची हालचाल सुधारली आणि उदासपणाही कमी झाला. ज्यांना दुसऱ्या माकडाच्या दिल्या त्यांच्यात तो गुण आला नाही. हे कुठल्या बशीत दिसलं असतं, सांगा.

बाबूराव मिरजकर:
तुमचं शास्त्र चालू द्या, पण मला एक सांगायचंय. माझ्या वडिलांना पार्किन्सन होता. सदऱ्याचं वरचं बटण लावायला त्यांना पंधरा मिनिटं लागायची आणि आम्ही कुणी हात लावलेला चालायचा नाही. एका मोठ्या शहरातल्या 'केंद्रा'त त्यांना नेलं. तिथल्या डॉक्टरने संगणकावर माकडाच्या मेंदूचा फोटो दाखवला, हिरव्या चमकणाऱ्या पेशी. म्हणाला, हेच आपण करणार. सकाळी कमरेच्या हाडातून मज्जा काढली, दुपारी मणक्यात टोचली, संध्याकाळी घरी. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. गुण शून्य. तुम्ही संशोधक मंडळी हे असले फोटो छापता, तेव्हा ते कुणाच्या हातात जातील याचा विचार करता का?

वेणू:
मिरजकरकाका, अगदी हेच! मला तर बाळंतपणाआधीच गाठलं होतं. तपासणीच्या रांगेत बसले होते, शेजारी येऊन बसलेली बाई मूलपेशींसाठी नाळेतलं रक्त साठवायचं माहितीपत्रक देऊन गेली. 'उद्या बाळाच्या मेंदूला काही झालं तर' हे शब्द. पोटुशा बाईला असं म्हटल्यावर ती नाही कसं म्हणेल? अजून दर वर्षी पैसे भरतेय.

उन्मेष क:
सगळेच लुटारू नसतात. माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचाल नीट होत नाही. इंजेक्शनं झाल्यावर तो आधाराशिवाय बसायला लागला. माझ्या बहिणीने ते डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या शोधनिबंधांपेक्षा मला तो बसलेला महत्त्वाचा. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

बाबूराव मिरजकर:
व्यायाम बंद केला होता का त्याचा? फिजिओथेरपिस्ट यायचा की नाही? आमच्याकडेही पहिला महिना वडील 'बरं वाटतंय' म्हणत होते. आईच्या हातात पाटल्या दिसत नव्हत्या, म्हणून म्हणत होते.

उन्मेष क:
व्यायाम तर चालूच होता, तो आधीपासून होता. पण माझ्या बहिणीला खोटी ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुमच्या घरी गुण आला नाही म्हणून कुणालाच येऊ नये, असं आहे का?

पेशीवेडा:
उन्मेष, बहिणीला कुणी खोटी म्हणत नाही. मूल वाढत असतं, व्यायाम चालू असतो आणि त्यातच इंजेक्शनही दिलेलं असतं. गुण कशाचा हे एका मुलावरून सांगता येत नाही, म्हणून तर चाचणीत तुलनेला दुसरा गट ठेवतात. मिरजकरांच्या वडिलांना टोचल्या त्या हाडाच्या मज्जेतल्या पेशी. त्यांच्यापासून रक्त बनतं, चेतापेशी बनत नाहीत. माकडाचा फोटो दाखवून ते विकणं ही शुद्ध फसवणूक आहे. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताचे काही आजार सोडले तर मूलपेशींचा उपचार फक्त नोंदणी केलेल्या चाचणीत द्यायचा, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पैसे मागितले की तिथून उठायचं. वेणू, बाळाचं रक्त बाळालाच पुढे लागेल म्हणून खाजगी पेढीत ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, हेही त्यांचंच म्हणणं आहे.

सावली२१:
पहिल्यांदा तुमच्याशी पूर्ण सहमत आहे आणि ते लिहिताना जड जातंय. पण बघा, ही दुकानं उभी राहिली ती प्राण्यांवरच्या यशाच्या बातम्यांवरच. उंदीर चालायला लागला की लगेच मथळा, माणसाचं पुढे काय झालं ते कुणी छापत नाही.

पेशीवेडा:
माणसाचंही छापलंय. जपानमध्ये क्योटोच्या ताकाहाशी यांनी माणसाच्या पेशींपासून केलेल्या डोपामाइनच्या पूर्वज पेशी आधी माकडांत सोडून दोन वर्षांपर्यंत पाहिल्या, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१८ पासून माणसांत चाचणी. निकाल एप्रिल २०२५ मध्ये आले: पार्किन्सनचे सात रुग्ण, गाठ कुणालाच नाही, हालचालीसाठी तपासलेल्या सहांपैकी चौघांत औषध उतरलेलं असतानाही सुधारणा. माकडांची पायरी गाळून थेट तुमच्या-माझ्या वडिलांच्या कवटीला भोक पाडायचं होतं का?

सावली२१:
नाही. माणसाच्या मेंदूत हात घालण्याआधी माकड लागलं, एवढं मानते. उंदराच्या गर्भांचं मात्र मानत नाही. शेपटीच्या टोकावर जमतं तिथे गाभण मादी मारणाऱ्याने कारण लिहावं. आणि प्रत्येक शोधनिबंधात पेशी मिळवायला किती माद्या, किती गर्भ गेले तो आकडा छापावा. आता जो 'फायब्रोब्लास्ट घेतले' एवढ्या एका वाक्यात गिळला जातो, तो.

पेशीवेडा:
आकडा छापायला माझी हरकत नाही, छापायलाच हवा. शेपटीच्या पेशी हळू वाढतात, लवकर थकतात, म्हणून गर्भ घेतात. हे कारण तुम्हाला पुरणार नाही, ठाऊक आहे.

सावली२१:
नाहीच पुरणार. आठवडाभर जास्त थांबा.

बाबूराव मिरजकर:
पैसे घेता येत नाहीत म्हणालात. मग आमचे घेतले त्याची तक्रार कुठे करायची? पावती आहे, पण तिच्यावर मूलपेशी हा शब्दच नाही, 'विशेष उपचार' एवढंच लिहिलंय.

पेशीवेडा:
राज्याच्या वैद्यक परिषदेकडे डॉक्टरविरुद्ध, आणि ग्राहक आयोगात पैशासाठी. पावतीबरोबर संमतीपत्राची प्रत आणि रुग्णाची पूर्ण फाइल लेखी मागा. काय टोचलं ते त्यांना तिथे लिहावंच लागतं.

उन्मेष क:
फाइल मागता येते हे माहीत नव्हतं. बहिणीला सांगतो, भाच्याचीही मागव म्हणून. गुण आलाय यावर मी ठाम आहे, पण त्याला नेमकं काय दिलं ते आमच्याही घरात कुणाला माहीत नाही.