नऊ वाजले की वायफाय मान टाकतं

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांच्या जागी फ्लॅटचे नंबर)

बी-३०२: रात्री नेटचा त्रास आणखी कोणाला होतोय का? आमच्याकडे नऊ वाजले की वायफाय मान टाकतं. दिवसा बरं असतं. आतल्या खोलीत मिटिंग लावली की समोरच्याचा चेहरा गोठतो, आवाज तुटतो. काल लेकीची ऑनलाइन तोंडी परीक्षा होती, तीनदा बाहेर फेकली गेली. पोरगी रडकुंडीला आली. कंपनीचा माणूस येऊन गेला, राउटरशेजारी उभं राहून स्पीड मोजला, पूर्ण आला, ‘लाइन ओके आहे’ म्हणाला आणि गेला. आता रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, घ्यावा म्हणते. कोणता घेऊ?

ए-१०३: ताई, घाई करू नका. आम्ही घेतलाय. फोनवर सगळ्या दांड्या दिसतात आणि नेट पहिल्यापेक्षा हळू.

बी-५०१: आमचंही तेच. दिवसातून चार-पाच वेळा जातं नि आपोआप येतं. राउटर बंद-चालू करून करून कंटाळलो.

बी-४०४: ताई, आज काहीच विकत घेऊ नका. आधी बिघाड कुठे आहे ते शोधू. बाहेरून राउटरपर्यंत येते ती लाइन. राउटरपासून फोनपर्यंत हवेतून जातं ते वायफाय. दोन्हीपैकी काहीही बिघडलं तरी आपण ‘नेट गेलं’ एवढंच म्हणतो, म्हणून भलत्याच गोष्टीवर पैसे जातात. आज रात्री त्रास सुरू झाला की लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा आणि मिटिंग चालवून बघा. केबलवरही अडखळलं तर कंपनीच्या मागे लागू. नीट चाललं तर रोग घरातच आहे.

बी-४०४: काका, तुमचं नेट जातं तेव्हा डब्यावरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल होतो का?

बी-५०१: हो, लाल लुकलुकतो. मला वाटलं अपडेट होत असेल.

बी-४०४: नाही काका, तो दिवा लाल म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. तुमचा प्रश्न वायफायचा नाहीच. त्या पातळ वायरीच्या आत काच असते. कुठे मुडपली किंवा दबली की प्रकाश बाहेर निसटतो. वायर कुठून आलीये?

बी-५०१: सोफ्याच्या मागून. सोफा भिंतीला टेकलेला आहे.

बी-४०४: सोफा पुढे ओढा आणि जास्तीची वायर मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवा. तरी दिवा लाल राहिला तर तक्रार नोंदवा आणि ‘एलओएस लाल आहे’ असंच सांगा. एक मात्र पाळा, वायरीचं टोक उपसून त्यात डोकावू नका. आतला प्रकाश लेसरचा असतो, डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

(दुसऱ्या दिवशी)

बी-३०२: दादा, केलं. केबलवर पाऊण तास मिटिंग चालली, एकदाही तुटली नाही. तीच मिटिंग आतल्या खोलीत वायफायवर घेतली, दहा मिनिटांत दोनदा गेली. मग ऑफिसमधल्या एकाच्या सांगण्यावरून राउटरच्याच पत्त्यावर, म्हणजे १९२.१६८.१.१ वर पिंग लावून ठेवलं, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजलं. केबलवर प्रत्येक उत्तर १ मिलिसेकंदात. वायफायवर ४, ५, ४, मग एकदम ३८०, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. म्हणजे माझा निरोप माझ्याच दिवाणखान्यापर्यंत पोचत नाहीये!

बी-४०४: फार उत्तम तपासलंत. आता फोनवर वायफाय ॲनालायझर, म्हणजे आजूबाजूची सगळी वायफाय दाखवणारं ॲप, टाका, आतल्या खोलीत उभ्या राहा आणि २.४ गिगाहर्ट्झच्या आलेखाचा फोटो इथे पाठवा.

बी-३०२: [फोटो] बाप रे, एकावर एक डोंगर चढलेत. २६ नावं मोजली. आमचा सिग्नल उणे ७८ दाखवतोय, चॅनल ६.

बी-४०४: हा फोटो सगळ्यांनी बघा, कारण यातले डोंगर आपल्या सगळ्यांचे आहेत. संध्याकाळी सगळे घरी येतात, प्रत्येक घरात टीव्ही, फोन, लॅपटॉप लागतात आणि हवा भरून जाते. ताईंचं दिवसा बरं आणि रात्री वाईट, ते यामुळे.

वायफायच्या लहरींच्या या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बहुतेक देशांत १३ चॅनल, म्हणजे राउटरला बसायच्या जागा, मिळतात, पण दोन चॅनलमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ, आणि राउटरला बसायला लागतात २०, कडा धरून २२. त्यामुळे एकमेकांना न घासता बसणारे तीनच: १, ६ आणि ११. दोन राउटर एकाच चॅनलवर असले तर ते एकमेकांचं बोलणं ओळखतात, थांबतात, आळीपाळीने बोलतात. वेग वाटला जातो, पण काम चालतं. एक ६ वर आणि दुसरा ४ वर असला की दुसऱ्याचं बोलणं समजत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. दोघं एकदम बोलतात, दोघांचंही वाया जातं, पुन्हा पाठवावं लागतं. म्हणून रिकामा दिसतोय म्हणून मधला चॅनल धरू नका. आपलंही बिघडतं आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचंही. फोटोत ४ वर एक चांगलाच रुंद डोंगर आहे. तो कोणाचा?

बी-२०४: माझा आहे. रिकामा वाटला म्हणून मीच गेल्या महिन्यात बदलला होता. सॉरी ताई, मला खरंच कल्पना नव्हती. आत्ता १ वर टाकतो.

बी-४०४: धन्यवाद! तिथेच ‘चॅनल विड्थ’ असेल, ती ४० ची २० करा. ४० म्हणजे जवळजवळ अर्धा पट्टा एकट्याने व्यापणं. सगळ्यांनीच २.४ वर २० ठेवा. आणि फोन, लॅपटॉप, टीव्ही जमेल तितके ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे राउटरच्या दुसऱ्या पट्ट्यावर, न्या. तिथे जागा भरपूर आहे आणि भिंतीपलीकडे ते कमी जातं, त्यामुळे शेजाऱ्याचा त्रासही कमी.

बी-३०२: पण आतल्या खोलीत ५ वालं पोचतच नाही, फोन आपोआप २.४ वर येतो.

बी-४०४: राउटर कुठे आहे?

बी-३०२: टीव्ही युनिटच्या खणात, दार लावून. आणि मधल्या भिंतीला आरशाचं मोठं कपाट.

बी-४०४: आरशामागे धातूचा थर असतो, लहरी तिथूनच परत फिरतात. सळ्यांच्या काँक्रीट भिंतीचंही तेच, आणि पाणी लहरी शोषून घेतं, म्हणून फिश टँकमागेही राउटर नको. तुमचा राउटर खणातून काढा आणि पॅसेजमध्ये छातीच्या उंचीवर लावा, अँटेना उभ्या. वायर लांबवावी लागेल, पण रिपीटरआधी हेच करा. तो उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. व्हिडिओ कॉलला साधारण उणे ६७ किंवा त्याहून बरा हवा.

बी-६०२: जास्त पॉवरचा राउटर आणला तर?

बी-४०४: दादा, फोनलाही उलट उत्तर द्यावं लागतं आणि त्याचा आवाज छोटाच राहतो. राउटर कितीही ओरडला तरी फोनचं त्याला ऐकू आलं नाही तर उपयोग काय? तुमच्याकडे दांड्या पूर्ण आणि नेट ठप्प असं होत असेल तर बहुधा हेच.

ए-१०३: आमच्या रिपीटरचं काय ते सांगा ना.

बी-४०४: तो ठेवलाय कुठे?

ए-१०३: बेडरूममध्ये. नेट तिथेच येत नव्हतं ना!

बी-४०४: म्हणजे त्यालाही मुळात तुटकंच मिळतं आणि तो तेच पुढे वाटतो. अर्ध्या वाटेवर, सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवा. साध्या रिपीटरचा वेग तरीही अर्ध्यावर येतो, कारण एकाच रेडिओने ऐकायचं आणि बोलायचं. जुना राउटर पडून आहे का? रिपीटरऐवजी तोच वापरा. बेडरूमपर्यंत केबल ओढा, जुन्या राउटरचा पत्ता बदलून घ्या, त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टला लावा. केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागत नाही. फक्त टोकाला आठही तारा जोडून घ्या. चारच जोडल्या तर १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. मेश, म्हणजे घरभर एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, घेणाऱ्यांनाही हेच सांगेन, दोन डबे केबलने जोडता आले तर जोडाच.

बी-७०२: माझं जरा वेगळं आहे. सिनेमा नीट चालतो, कॉलच तुटतो.

बी-४०४: फोनचा फोटो बॅकअप त्याच वेळी चालू असतो का बघा. अपलोड तुंबलं की कॉल आधी मरतो. बॅकअप पहाटेचा लावा.

(तीन दिवसांनी)

बी-५०१: सोफा सरकवला, दिवा हिरवा. त्यातच तंत्रज्ञ आला, दबलेला तुकडा कापून नवीन जोड मारून गेला. कालपासून एकदाही नाही गेलं.

बी-३०२: आमचा राउटर पॅसेजमध्ये गेला. आतल्या खोलीत उणे ७८ चे उणे ६१ झाले, फोन ५ वर टिकतोय. काल रात्री सव्वानऊला लेकीची राहिलेली तोंडी परीक्षा झाली, पंचवीस मिनिटं, एक शब्द तुटला नाही. ४०४ आणि २०४, दोघांचेही मनापासून आभार. मागच्या बाल्कनीत अजून कमजोर आहे, तिथे केबल टाकणार. आणि एक, ॲनालायझरमध्ये ९ वर ‘होम ०७’ नावाचा एक दिसतोय, ६ आणि ११ दोन्हींना घासतोय. कोणाचा असेल तर रविवारी सकाळी येऊन बदलून देते, आता मला जमतं.

ए-२०१: आमचाच असेल काकू, बाबांना ते सेटिंग कळत नाही. दहानंतर या, पासवर्ड शोधून ठेवतो.