बिली पायपर यांचा चेहरा: आपले डॉक्टर, की आणखी कोणी?

धुऱ्यावरचा प्रेक्षक (घाटंजी तालुका, यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. ‘डॉक्टर हू’ या काळप्रवासाच्या ब्रिटिश मालिकेचा ‘द रिॲलिटी वॉर’ हा भाग ३१ मे २०२५ रोजी प्रसारित झाला. त्याचे शेवटचे क्षण अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा पेरणीची धांदल होती, त्यामुळे नीट विचार करायला सवड मिळाली नाही. हरभऱ्याच्या ओलितासाठी आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीच येते. या हिवाळ्यात मोटार सुरू करून धुऱ्यावर बसलो की मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेला तोच शेवट मी पुन्हा पुन्हा पाहिला, आणि दर वेळी माझे मत बदलले.

ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांनी पुढे वाचू नये. वास्तवातून पुसल्या गेलेल्या पॉपी या लहान मुलीला परत आणण्यासाठी शूटी गाटवा यांचा डॉक्टर आपली सारी जीवनशक्ती खर्ची घालतो, काळाला एका अंशाने वळवतो आणि मग त्याचा कायापालट होतो, म्हणजे मरणाऐवजी त्याला नवा देह आणि नवा चेहरा मिळतो. सोनेरी प्रकाश ओसरल्यावर दिसतो तो बिली पायपर यांचा चेहरा. ती व्यक्ती हसते, दोनच शब्द उच्चारते आणि श्रेयनामावली सुरू होते. त्या नामावलीत ‘सादर करीत आहोत बिली पायपर’ एवढेच लिहिलेले आहे. २००५ साली डेव्हिड टेनंट यांचे नाव प्रथम झळकले तेव्हा त्यांची भूमिका कोणती हे तिथेच स्पष्ट लिहिले होते. या वेळी भूमिकेचा उल्लेखच नाही.

मला तीन शक्यता दिसतात. पहिली, डॉक्टरने केवळ रोझ टायलरचा, म्हणजे पायपर यांनीच पूर्वी साकारलेल्या त्याच्या सहप्रवासी मुलीचा, चेहरा धारण केला आहे. दुसरी, ही रोझच आहे, किंवा जून २००५ मधील भागात टार्डिस या डॉक्टरच्या काळयानाच्या हृदयात डोकावून सारा काळ एकदम पाहणारे तिचे ‘बॅड वुल्फ’ हे रूप आहे. तिसरी, २०१३ च्या पन्नाशीच्या विशेष भागात रोझचे रूप घेऊन आलेले ‘द मोमेंट’ हे विवेक असलेले अस्त्र परतले आहे. यांपैकी कोणत्या शक्यतेला मालिकेतच आधार सापडतो, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. मनाला काय आवडेल हे मला माझे ठाऊक आहे, म्हणूनच आधार विचारतो आहे.

जुनी फीत (आर्वी, वर्धा)

धुऱ्यावरचे भाऊ, आपण आधार मागितलात म्हणून आधीच्या उदाहरणांपासूनच सुरुवात करतो. ओळखीचा चेहरा नव्या देहावर येणे या मालिकेला अजिबात नवे नाही. १९७९ साली रोमाना या टाइम लेडीने, म्हणजे डॉक्टरच्याच टाइम लॉर्ड जमातीतल्या स्त्रीने, कायापालट करताना आधीच्याच कथेत भेटलेल्या राजकन्या ॲस्ट्राचे रूप जाणूनबुजून घेतले, आणि डॉक्टरने त्यावर हरकतही घेतली. राजकन्या आणि नवी रोमाना या दोन्ही भूमिका लाला वॉर्ड यांनीच केल्या. म्हणजे टाइम लॉर्डांना चेहरा निवडता येतो, आणि तो प्रत्यक्ष भेटलेल्या माणसाचाही असू शकतो, हे तेव्हाच पडद्यावर सिद्ध झाले. कॉलिन बेकर १९८३ मध्ये मॅक्सिल नावाचे पहारेकरी अधिकारी होते आणि १९८४ मध्ये डॉक्टर झाले. त्या सारखेपणाचे कारण मालिकेने कधी दिलेच नाही.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण मात्र पीटर कपाल्डी यांचे आहे. २००८ च्या पॉम्पेईच्या कथेत ते एका रोमन कुटुंबाचे प्रमुख होते, आणि ज्वालामुखीच्या उद्रेकातून डॉक्टरने त्या एकाच कुटुंबाला वाचवले होते. पुढे कपाल्डी स्वतः डॉक्टर झाले. हा चेहरा आपण का घेतला, याचे उत्तर त्या डॉक्टरला २०१५ साली सापडले: सर्वांना वाचवता आले नाही तरी कोणाला तरी वाचवावे, याची स्वतःला आठवण राहावी म्हणून. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेनंट यांचा चेहरा परतला त्यालाही २०२३ मध्ये घरी परतण्याचे आणि थांबून विसावा घेण्याचे कारण दिले गेले. म्हणजे या मालिकेत परतलेला चेहरा बहुतेक वेळा डॉक्टरने स्वतःलाच लिहिलेले पत्र असते.

या वाटेने गेल्यास पहिली शक्यता मला सर्वांत बळकट वाटते. आपल्याच पेशींतली शक्ती एका मुलीसाठी ओतून, तिच्या आयुष्यात आपल्याला जागा उरलेली नाही हे पाहून निघालेल्या डॉक्टरला कोणाचा चेहरा आठवेल? टाइम लॉर्डांच्या काळयुद्धानंतर एकटे पडलेल्या डॉक्टरचा हात २००५ मध्ये ज्या मुलीने धरला, तिचाच आठवेल. रोझचे स्मित हे त्या डॉक्टरसाठी नव्याने जगू लागण्याचे चिन्ह आहे. श्रेयनामावलीतील मौनाचे समाधानकारक उत्तर मात्र माझ्याकडे नाही, हे मान्य करतो.

निवृत्त गुरुजी (मूर्तिजापूर, अकोला)

जुनी फीत यांचे विवेचन मला आवडले, पण एक गोष्ट आपण सारेच विसरतो आहोत, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. कायापालट ही कल्पना कथेच्या गरजेतून जन्मलेली नाही. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी मालिका सुरू झाली तेव्हा तिचा कोठेही उल्लेख नव्हता. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, आणि लोकप्रिय मालिका बंद करणे बीबीसीला परवडणारे नव्हते. म्हणून ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले आणि प्रेक्षकांनी तो बदल स्वीकारला. साठ वर्षांहून अधिक काळ टिकलेला हा सारा डोलारा एका अभिनेत्याच्या आजारपणावर उभा आहे. त्यामुळे मालिकेत एखादे गूढ दिसले की मी आधी निर्मात्यांची अडचण शोधतो.

मे २०२५ मध्ये ती अडचण कोणती होती? गाटवा निघाले होते आणि पुढचे पर्व निघणार की नाही हे ठरलेले नव्हते. १९८९ मध्ये मालिका थांबली, तेव्हा १९९६ चा एक दूरचित्रपट वगळता २००५ पर्यंत प्रेक्षकांना वाट पाहावी लागली होती. पुन्हा तसा खंड पडण्याची धास्ती असताना निर्मात्यांनी दार किलकिले ठेवले, असा माझा तर्क आहे. भूमिकेचे नाव लिहिले असते तर पुढे जो कोणी लिहील त्याचे हात बांधले गेले असते. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्नेची भागीदारी संपल्याचे आणि २०२६ च्या नाताळात मालिकेचे मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलेला विशेष भाग येणार असल्याचे जाहीर झाले. म्हणजे कोडे घालणाऱ्यालाच ते सोडवण्याची संधी मिळाली आहे, ही समाधानाची बाब आहे. पण तो शेवट चित्रित होत असताना त्याचे उत्तर ठरलेले होते, असे मला वाटत नाही. म्हणून त्या हास्यातून आणि त्या दोन शब्दांतून नेमका अर्थ काढण्याचा आपला खटाटोप मला व्यर्थ वाटतो.

झाडीतला प्रेक्षक (देसाईगंज, गडचिरोली)

गुरुजी, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. अडचणीतून जन्मलेली गोष्ट अर्थहीन ठरत नाही. आमच्या वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्री पडदा वर जातो तो पहाटेच उतरतो. कधी एखादा नट आजारी पडतो आणि त्याची भूमिका दुसऱ्याला करावी लागते. समोर थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या प्रेक्षकांना ते ठाऊक असते, तरीही तिसऱ्या अंकापर्यंत त्या नव्या नटाच्या चालण्याबोलण्यातून ती व्यक्तिरेखा वेगळीच उमगू लागते. ट्राउटन आले ते अडचणीमुळे. पण त्यांनी कडक आजोबांच्या जागी बासरी वाजवणारा, वरून बावळट वाटणारा पण आतून धूर्त डॉक्टर उभा केला, तो अर्थ अडचणीने दिलेला नाही.

माझी हरकत वेगळीच आहे. टेनंट परतले, आणि तीन वर्षांच्या आत पायपर परतल्या. दोन्ही कलावंत मला प्रिय आहेत; २००६ मध्ये रोझचा निरोप झाला तो समुद्रकिनारा आजही पाहवत नाही. तरीही लागोपाठ दोनदा मागे वळून पाहणाऱ्या मालिकेची मला काळजी वाटते. मला अगदी अनोळखी चेहरा हवा होता.

वैनगंगेची लेक (पवनी, भंडारा)

माझे शिक्षण मराठी भाषेचे असल्यामुळे मला हा प्रश्न थोडा निराळा दिसतो. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर पुढच्या डॉक्टर होणार हे जाहीर झाले. पुढच्या वर्षी ते भाग आले तेव्हा मी आजीला प्रत्येक भागाची गोष्ट सांगत असे. इंग्रजीत ‘डॉक्टर आले’ आणि ‘डॉक्टर आली’ यांतला फरक क्रियापदात दिसत नाही. मराठीत तो लपवता येत नाही. आजीने विचारले, ‘आधीचा तो डॉक्टर कुठं गेला?’ मी म्हणाले, ‘आजी, तोच आता ती आहे.’ तिने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. फाळणीच्या काळात घडणारा पंजाबचा भाग मी सांगितला, तेव्हा तिने त्या डॉक्टरसाठी ‘ती’ एवढेच म्हटले. पहिल्याच दिवशी समजावलेले तिला पुन्हा समजावावे लागले नाही.

धुऱ्यावरच्या दादांच्या तिन्ही शक्यता मराठीत तीन वाक्यांत मांडता येतात. डॉक्टरने चेहरा घेतला असेल तर ‘तोच ती’. रोझच परतली असेल तर ‘तीच ती’. आणि अस्त्राने पुन्हा रूप घेतले असेल तर ‘तेच ती’. अशी मांडणी केल्यावर मला तिसरी शक्यता सर्वांत दुबळी वाटू लागली, कारण ‘द मोमेंट’ बाहेरून डॉक्टरसमोर येऊन उभे राहिले होते, डॉक्टरच्या देहातून उगवले नव्हते. ३१ मेच्या भागात तर प्रकाश डॉक्टरच्या देहातूनच निघतो आणि तिथेच हा चेहरा उमटतो. दुसऱ्या शक्यतेलाही तीच अडचण आहे. रोझ समांतर विश्वात आहे, आणि तिला परत यायचे झाले तर तिने डॉक्टरच्या जागी का यावे? म्हणून व्याकरणाने आणि कथेनेही माझे मत ‘तोच ती’ याच बाजूला जाते.

धुऱ्यावरचा प्रेक्षक (घाटंजी तालुका, यवतमाळ)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताई, आपली तीन वाक्ये काल रात्री धुऱ्यावर बसून मी मोठ्याने म्हणून पाहिली, आणि तिसरी शक्यता मी आनंदाने सोडून देतो. दुसरी मात्र पूर्ण सोडवत नाही. बॅड वुल्फ या रूपात रोझने काळाच्या प्रवाहात ठिकठिकाणी आपली अक्षरे पेरली होती, आणि ज्याने काळ एका अंशाने वळवला त्याच्यापर्यंत तिचा हात पोचू नये असे कोठे लिहिलेले नाही. जुनी फीत भाऊंनी सांगितलेले रोमानाचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. त्यामुळे पहिल्या शक्यतेकडे मी आता अधिक झुकलो आहे. गुरुजींचे म्हणणे खरे असले तरी, १९६६ मध्ये ठरलेले नसलेले कितीतरी अर्थ या मालिकेला पुढे मिळाले, एवढे नम्रपणे नमूद करतो.

नाताळाच्या भागात मी एकच गोष्ट पाहणार आहे: त्या व्यक्तीला पॉपी आठवते का. आठवत असेल तर तो डॉक्टर आहे, कारण त्या मुलीसाठी शक्ती त्यानेच वेचली. आठवत नसेल तर रोझचा विचार पुन्हा करावा लागेल. तेव्हा आमच्याकडे तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतील आणि गावात रेंज नसते, म्हणून भाग उतरवून घेण्यासाठी मला घाटंजीला जावे लागेल. पाहून झाल्यावर याच ठिकाणी लिहीन. तोवर जुनी फीत यांनी रोमानाच्या त्या प्रसंगाविषयी आणखी लिहावे, विशेषतः डॉक्टरने नेमकी कोणती हरकत घेतली होती ते.