टॉवर स्पीकर शोरूममध्ये उत्तम, घरी मात्र डग्गा घुमतो: दोष कोणाचा?

खर्जप्रेमी (पुणे):

नमस्कार. वीस वर्षे बुकशेल्फ स्पीकरवर गाणे ऐकल्यानंतर, निवृत्तीच्या रकमेतला एक भाग बाजूला काढून, यंदाच्या पाडव्याला मी ब्रिटिश बनावटीचे थ्री-वे टॉवर स्पीकर घेतले. प्रत्येकी वजन ३१ किलो, संवेदनशीलता ८७ डेसिबल, बास कागदोपत्री ३५ हर्ट्झपर्यंत. किंमत येथे लिहीत नाही, कारण ती घरातही अद्याप पूर्णपणे सांगितलेली नाही.

शोरूममध्ये गायक समोर मांडी घालून बसल्यासारखा वाटत होता. घरी मात्र विलंबित एकतालात डग्ग्याची घूम पुढच्या मात्रेवर सांडते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकामागचा तानपुऱ्याचा खर्ज अवाजवी फुगतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याबाबत मात्र हा त्रास जवळजवळ होत नाही. विक्रेत्याला विचारले, तर त्याने पाऊण लाखाची केबल घेऊन पाहण्याचा सल्ला दिला.

हॉल १४ बाय ११ फूट, भिंती पक्क्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. स्पीकर ११ फुटी भिंतीपासून वीतभर पुढे, आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. स्पीकर परत करण्याची मुदत संपायला बारा दिवस उरले आहेत. दोष स्पीकरचा की खोलीचा, हे एवढ्या अवधीत कसे ठरवावे?

सोल्डरवाला:

खर्जप्रेमी, आपण दोन तानपुऱ्यांमधला फरक नोंदवलात, त्यातच निम्मे उत्तर आहे. काळी एकचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो, काळी चारचा सुमारे १०४ वर. आता खोलीचा हिशेब पाहू. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर आणि हॉलची लांबी ४.२७ मीटर, वेगाला लांबीच्या दुपटीने भागले की ४० हर्ट्झ येतात. हा लांबीचा पहिला अनुनाद (ज्या कंपनसंख्येवर खोली स्वतःच घुमू लागते ती) झाला, आणि दुसरा त्याच्या दुप्पट, म्हणजे ८० वर. छत साडेनऊ फुटांवर धरले तर उंचीचा अनुनाद ५९ च्या आसपास पडतो, आणि लांबी-उंची मिळून जो जोड-अनुनाद होतो तो ७१ वर. म्हणजे आपला ६९ चा खर्ज नेमका या गर्दीत सापडतो, तर १०४ चा खर्ज तिच्याबाहेर राहतो.

त्यात आपण सोफा भिंतीला टेकवला आहे. लांबीच्या प्रत्येक अनुनादाचा दाब भिंतीपाशीच सर्वाधिक असतो, त्यामुळे खोलीतली सगळ्यात घुमणारी जागा आपण बसण्यासाठी निवडली, असे म्हणावे लागेल. भिंती लाकडी चौकटीच्या असत्या तर थोडा बास त्यांतून निसटला असता. विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती तो जवळजवळ सगळा परत फेकतात.

खर्च न करता एक प्रयोग करा. सोफा इतका पुढे ओढा की आपले कान मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर येतील. ही लांबीची एक चतुर्थांश जागा आहे, आणि तेथे ८० हर्ट्झच्या अनुनादाचा दाब शून्याजवळ असतो. स्पीकरही दोन-अडीच फूट पुढे घ्या. त्यांचे पोर्ट, म्हणजे बाससाठी खोक्याला ठेवलेली छिद्रे, मागच्या बाजूला असतील तर त्यांत जुन्या पायमोज्यांचा बोळा घालून पाहा. हा विनोद नाही, काही कंपन्या याच कामासाठी स्पंजाचे बोळे सोबत देतात. खोलीतला आवाज मोजणारे रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. एखाद्या मित्राकडे मोजणीचा मायक्रोफोन असेल तर आधीचा आणि नंतरचा आलेख काढून ठेवा.

केबलबद्दल एवढेच सांगतो, की पाच मीटर अंतरासाठी घरगुती वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते.

पडद्याआड:

वरील हिशेब मान्य आहे, पण तो साधारण ३०० हर्ट्झच्या खाली लागू पडतो. त्या पट्ट्यात आपण मुख्यतः खोली ऐकत असतो. स्पीकरची खरी पारख त्याच्या वर होते, आणि आपले पैसेही मुख्यतः तेथेच गेले आहेत. त्यासाठी एखादे जुने मोनो ध्वनिमुद्रण लावा. दोन्ही बाजूंना एकच आवाज जात असल्यामुळे गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, एका ठिकाणी उभा राहायला हवा. तो डावी-उजवीकडे सरकला किंवा त्याचा ‘स’ एकीकडून आणि स्वर दुसरीकडून येऊ लागला, तर दोन्ही स्पीकर आपसांत बदलून पुन्हा ऐका. दोष स्पीकरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर तो स्पीकरचा, आणि होता तेथेच राहिला तर खोलीचा.

आपले जुने बुकशेल्फ स्पीकरही त्याच जागी लावून पाहा, मात्र दोन्हींची पातळी मोबाइलवर मोजून सारखी करा. एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर आपल्याला ‘अधिक मोकळा’ वाटतो, आणि शोरूममध्ये काय वाटले होते, याकडे या दृष्टीनेही एकदा पाहावे. शक्य असेल तर मध्ये चादर टांगा आणि स्पीकर बदलण्याचे काम दुसऱ्या कोणाला सांगा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रयोगात तेच स्पीकर त्याच श्रोत्यांना उघड्यावर आणि पडद्याआड ऐकवले, तेव्हा गुण लक्षणीय बदलले. आणि त्या श्रोत्यांत अनुभवी कानही होते. ३१ किलोंचा पॉलिश केलेला खोका डोळ्यांसमोर असताना कान तटस्थ राहत नाहीत, हा माझाही अनुभव आहे.

कोकणातली हवा:

मी जरा विरोधी सूर लावते. १४ बाय ११ च्या हॉलमध्ये मी टॉवर घेतलेच नसते. स्टँडवरचे चांगले बुकशेल्फ आणि वेगळा सबवूफर घेतला, तर बास सरकवता येतो आणि गायकाला जागचे हलवावे लागत नाही. परंतु आता घेतलेच आहेत, तर वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या, कडेची पट्टी रबराची आहे की फोमची, हे तपासून घ्या. माझ्या पहिल्या स्पीकरांची फोमची पट्टी बाराव्या वर्षी बोट लावताच भुग्यासारखी झडली. रबर कितीतरी जास्त टिकते. शिवाय खालच्या खिळ्यांखाली नाणी ठेवा, नाहीतर टाइल्सवर ओरखडे उठतील आणि त्यांचे खापर केबलवर फोडता येणार नाही.

खर्जप्रेमी:

सर्वांचे आभार. नऊ दिवस झाले, म्हणून कळवतो. सोफा साडेतीन फूट पुढे आल्यावर डग्ग्याची घूम मात्रेच्या आत थांबू लागली. बोळ्याने आणखी थोडा फरक पडला, पण त्याने आवाज किंचित कोरडा वाटला, म्हणून आता तो फक्त डाव्या, कोपऱ्याजवळच्या स्पीकरमध्ये ठेवला आहे. मोनो ध्वनिमुद्रणात गायक उजवीकडे सरकत होता. स्पीकर बदलूनही तो तेथेच राहिला. उजवीकडच्या काचेच्या शोकेसवर जाड सतरंजी टाकताच तो मध्ये आला. पखवाज अजूनही खाली थोडा जड वाजतो.

चादरीआडची चाचणी मुलीने घेतली. दहापैकी आठ वेळा मी नवेच स्पीकर निवडले. दोनदा जुने निवडले, आणि त्या दोन्ही वेळी गाणे गायिकेचे होते. स्पीकर ठेवून घेतले आहेत. पट्टी रबराचीच आहे.

साडेतीन फूट पुढे आलेला सोफा गॅलरीची वाट अडवतो, म्हणून घरात असा तह झाला आहे की रात्री नऊनंतर तो पुढे घ्यायचा आणि उठताना मागे ढकलायचा. टाइल्सवर त्याच्या चारही पायांच्या जागा चिकटपट्टीने आखल्या आहेत.