प्रतिसाद: मोहरी फ्रीजमध्येच ठेवावी का?
मोहरी फ्रीजमध्येच ठेवा असं वर लिहिलंय, पण अख्ख्या मोहरीला फ्रीज कशाला? कोरडी असेल तर वर्षभर आरामात टिकते. आमचा डबा गॅसच्या वरच्या फळीवर असायचा, त्यात मुंबईचा पावसाळा, वाफेने ओल धरून गुठळ्या झाल्या नि कुबट वास, तेव्हापासून काचेची बरणी आणि कोरडा चमचा.

खरी भानगड कुटलेल्या मोहरीची. झणका दाण्यात तयार नसतोच, कुटून पाणी लागलं की बनतो आणि हळूहळू उडून जातो. म्हणून लोणच्याची मोहरी गार पाण्यात फेसायची (उकळत्या पाण्यात झणका येतच नाही, मी करून बसलेय), दहाएक मिनिटांनी नाकात गेली की लिंबू पिळायचं, आंबटाने तिखटपणा टिकतो. बाटलीतल्या मस्टर्ड सॉसमध्ये व्हिनेगर असतं ते त्यासाठीही.