लाकडाची शेगडी घ्यायची आहे, आधी काय बघू?

शनिवार, रात्री
विषय: लाकडाची शेगडी, स्वयंपाक आणि ऊब दोन्हीसाठी

मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार,

गेल्या हिवाळ्यात वादळ झालं तेव्हा आमच्याकडे सलग तीन दिवस वीज नव्हती. घर इतकं गारठलं की धाकट्याला दोन रजयांतही झोप लागेना, आणि साधं पाणी तापवायचीही सोय उरली नाही. तेव्हाच आम्ही ठरवलं की लाकडावर चालणारी शेगडी बसवायची. तिच्यावर स्वयंपाक व्हावा आणि घरही ऊबदार राहावं.

आमचं स्वयंपाकघर आणि बैठक मिळून एकच खोली आहे: 7 मीटर लांब, 5 मीटर रुंद, 2.4 मीटर उंच. विटांचं जुनं धुराडं आहे, पण ते बरीच वर्षं बंद आहे. दुकानदाराने 12 किलोवॉटची बिडाची शेगडी सुचवली आहे, ओव्हन आणि मागे पाणी तापवायची टाकी असलेली. मोठी घेतली की जाळ कमी करून वापरता येते, असं तो म्हणतो. बीड घ्यावं की पोलादी पत्रा, यावरच आमचं घोडं अडलं आहे. ज्यांच्या घरी अशी शेगडी आहे त्यांनी कृपया लिहा.

रविवार, सकाळी
उत्तर: लाकडाची शेगडी

ताई,

तुमची मेल वाचली आणि लगेच लिहायला बसलो. "मोठी घेऊन जाळ कमी करता येतो" या वाक्यावर मीही एकदा विश्वास ठेवला होता आणि ते घरावर बेतलं होतं.

आमची पहिली शेगडी खोलीच्या मानाने दुप्पट मोठी होती. पूर्ण पेटवली की बसवत नसे, म्हणून आम्ही हवेची झडप जवळजवळ बंद करून लाकडं रात्रभर धुमसत ठेवायचो. सकाळी काच काळीकुट्ट असायची. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी धुराड्यातून आगगाडी जावी तसा आवाज सुरू झाला. शेगडीवरचा पाइप लालबुंद झाला होता. आतल्या थराला आग लागली होती. हवेच्या सगळ्या झडपा बंद केल्या, घरातल्यांना बाहेर काढलं आणि अग्निशमन दलाला बोलावलं. घर वाचलं, पण धुराड्याचं आतलं अस्तर तडकलं ते कायमचंच.

हे का झालं ते सांगतो, कारण शेगडी निवडण्याची सगळी मेख त्यातच आहे. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी निघून जातं. मग दोन-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातून वायू सुटू लागतात, आणि आपल्याला ज्वाळा दिसते ती या वायूंची असते. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंत असते. ते नीट पेटायला जळणाच्या कप्प्यात सहाशे अंशांच्या आसपास ताप लागतो आणि वरून सोडलेली गरम हवा लागते. जाळ दाबला की हे वायू न जळताच वर जातात. धुराड्यात ताप 120 अंशांच्या खाली आला की ते वाफेसोबत भिंतीवर साचतात आणि डांबरासारखा काळा, चिकट थर धरतो. पुढे कधीतरी तोच थर पेटतो.

म्हणून शेगडी अशी हवी की ती रोज मोकळ्या, उजळ जाळावर चालवता येईल आणि तरीही खोली तापून नकोशी होणार नाही. ढोबळ हिशेब असा: खोलीचे घनमीटर काढा आणि त्याला 14 ने भागा. तुमची खोली 84 घनमीटर, म्हणजे 6 किलोवॉट. भिंतींना आणि छताला चांगलं उष्णतारोधक अस्तर असेल तर 5 सुद्धा पुरेल. 12 अजिबात नको.

आता लाकडाचं. सुकलेल्या एक किलो लाकडात सुमारे 4 किलोवॉट-तास उष्णता असते. चांगल्या शेगडीतून त्यातले 3 घराला मिळतात. 6 किलोवॉटने दहा तास म्हणजे दिवसाला 20 किलो लाकूड. असे शंभर दिवस धरले तर दोन टन झाले, म्हणजे कठीण लाकडाचा रचलेला चार-साडेचार घनमीटरांचा ढीग. ताजं तोडलेलं लाकूड वाळायला एक ते दोन वर्षं लागतात, त्यामुळे जागा दोन ढिगांची हवी. वरून झाकलेली, बाजूंनी मोकळी आणि जमिनीपासून उचललेली. ताज्या लाकडाच्या दहा किलोंत चार-पाच किलो निव्वळ पाणी असतं. त्याची वाफ करण्यात जाळाचा ताप खर्ची पडतो आणि वायू पेटतच नाहीत. ओल 20 टक्क्यांच्या खाली यायला हवी. ती मोजायचं छोटं यंत्र मिळतं. फाटी मधोमध फोडून ताज्या, आतल्या बाजूला त्याचे काटे टोचायचे. बाहेरची साल नेहमीच कोरडी लागते.

तुमचं धुराडं मात्र शेगडीच्या आधी बघून घ्या. बंद धुराड्यात पक्ष्यांची घरटी असतात, अस्तर फुटलेलं असतं. जाणकार माणसाला बोलावून आतून कॅमेऱ्याने तपासणी करून घ्या. विटांचं रुंद धुराडं छोट्या शेगडीला सोसत नाही. धूर त्यात पसरतो, थंड होतो आणि त्याला वर खेचणारी ओढ मरते. आतून शेगडीच्या धूर निघायच्या तोंडाएवढ्या व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा पाइप सोडून भोवती उष्णतारोधक भरलं की ओढही सुधारते आणि थरही कमी धरतो.

बीड की पोलाद हा प्रश्न त्यामानाने लहान. बीड हळू तापतं आणि जाळ विझल्यावरही बराच वेळ ऊब देत राहतं. पोलाद लवकर तापतं, लवकर निवतं. दोन्ही चांगल्या निघतात, दोन्ही वाईटही. दार बंद करताना मध्ये कागदाची पट्टी धरा. बंद दारातून ती सहज ओढून काढता आली तर ते दार हवा सोडतं, मग धातू कुठलाही असो.

सोमवार, रात्री
उत्तर: लाकडाची शेगडी

काका,

तुमचं पत्र आम्ही दोघांनी दोनदा वाचलं. यंत्र आणलं. "पूर्ण सुकलेलं" म्हणून घेतलेली फाटी फोडून मोजली तर आत 32 टक्के निघाले. साल 17 दाखवत होती.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पाण्याची टाकी घेऊ की नको? आणि सहा किलोवॉटच्या शेगडीवर आमच्या पाच माणसांचा स्वयंपाक खरंच होईल का?

मंगळवार, दुपारी
उत्तर: लाकडाची शेगडी

ताई,

स्वयंपाकाचं मी लिहिते. गेली नऊ वर्षं थंडीचे चार महिने मी लाकडाच्याच शेगडीवर रांधते.

पाच माणसांचं आरामात होतं, पण हात नव्याने बसवावा लागतो. इथे आच कमी करायला बटण नसतं. भांडं सरकवायचं असतं. जळणाच्या कप्प्याच्या बरोबर वर पत्रा सगळ्यात तापलेला असतो, तिथे उकळी आणायची. धुराड्याकडच्या कोपऱ्यात चुलीच्या वैलावर असावी तशी मंद आच मिळते, तिथे शिजत ठेवायचं. म्हणून वरचा पत्रा लांब हवा. दोनच भांडी मावतील अशा छोट्या पत्र्याची शेगडी घेऊ नका, कितीही देखणी असली तरी. भांडी सपाट आणि जाड बुडाची लागतात. बुडाला जराशी पोक असली की तिथे उष्णता पोचत नाही.

जाळाचंही वेगळं आहे. खोली तापवायला जाड ओंडके चालतात. रांधायला मनगटाएवढ्या बारीक फाट्या लागतात, म्हणजे आच पटकन चढते. स्वयंपाकाच्या शेगडीत जळणाचा कप्पा बहुधा अरुंद असतो, दर पाऊण-एक तासाला लाकूड घालावंच लागतं, आणि रात्रभर ती टिकत नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या थंडीत पहाटे उठून पेटवताना रडू यायचं. म्हणून खरेदीच्या वेळी विचारा: किती सेंटीमीटरची फाटी आत मावते? 25 ची मावत असेल तर तुम्ही आयुष्यभर करवतच चालवत बसाल. 33 ची मावत असेल तर बरं.

दुसरं, निखाऱ्यांची जाळी वर-खाली होते का ते बघा. जाळी वर घेतली की थोड्या लाकडात पत्रा तापतो आणि खोली फार तापत नाही. खाली घेतली की कप्पा मोठा होतो आणि घर तापतं. नुसता स्वयंपाक असेल त्या दिवसांत याचा फार आधार वाटतो.

ओव्हनभोवती धूर फिरवून नेण्यासाठी एक झडप असते. पेटवताना ती उघडी ठेवायची, धूर सरळ वर जातो. धुराडं तापलं की बंद करायची, मग गरम धूर ओव्हनला वळसा घालून जातो. ओव्हन तापायला तासभर धराच. जाळाकडची बाजू नेहमी जास्त भाजते, तेव्हा अर्ध्या वेळात भांडं फिरवून ठेवायचं. ओव्हनखालच्या वाटेत काजळी साचते, ती काढायला छोटं दार असतं. ते समोरून उघडतं की नाही हे दुकानातच वाकून बघा. माझ्या पहिल्या शेगडीचं बाजूला, भिंतीला टेकलेलं होतं. दोन वर्षं ती जागा साफच झाली नाही आणि ओव्हन तापेनासा झाला.

मंगळवार, रात्री
उत्तर: लाकडाची शेगडी

वहिनींनी लिहिलंय त्यात माझ्याकडून भर नाही. टाकीपुरतं लिहितो.

टाकी जाळातली उष्णता ओढून घेते. लहान शेगडीत त्यामुळे कप्पा थंड पडतो आणि पुन्हा तोच डांबराचा त्रास सुरू होतो. त्याहून मोठी भीती दाबाची आहे. वीज गेली, टाकीचं पाणी फिरवणारा पंप थांबला, तरी आतलं लाकूड जळतच राहतं. पाण्याला बाहेर पडायला मोकळी वाट नसेल तर टाकी फुटते. तुम्ही शेगडी घेताय तीच मुळी वीज गेल्यावर वापरायला. पाणी वरच्या पत्र्यावर मोठ्या पातेल्यात तापवा. टाकी नको.

आणि हे कृपया टाळू नका: त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. त्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. तुमच्या स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकणारा विजेचा पंखा असेलच. घर घट्ट बंद असताना तो सुरू केला की धुराड्यातूनच हवा खाली ओढतो आणि शेगडीचा धूर खोलीत येतो. बाहेरची हवा थेट पाइपने शेगडीत आणता येते, तशी तोंड दिलेली शेगडी निवडा. मागच्या भिंतीपासून किती अंतर हवं ते शेगडीवर लावलेल्या माहितीच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, ते कमी करू नका. पट्टीच नसलेली जुनी शेगडी कोणी देऊ केली तर लाकडी भिंतीपासून 90 सेंटीमीटर धरा. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर ठेवा. त्यातले निखारे तीन-चार दिवसही जिवंत राहतात.

पुढचा रविवार, संध्याकाळी
उत्तर: लाकडाची शेगडी

काका, वहिनी,

धुराड्याची तपासणी झाली. आतलं अस्तर दोन ठिकाणी तडकलंय आणि वर जुन्या घरट्याच्या काटक्यांचा बोळा होता. ती शेगडी घेऊन त्याच आठवड्यात पेटवली असती तर काय झालं असतं, या विचाराने रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

तर या थंडीत शेगडी नाही. आधी पाइप सोडून घेतोय. ती 32 टक्क्यांची लाकडं ह्यांनी आणि थोरल्याने शनिवारी आणखी बारीक फोडली आणि मागच्या भिंतीला ऊन लागतं तिथे फळ्यांवर रचली. धाकटा प्रत्येक फाटीवर खडूने तारीख लिहितोय.

12 किलोवॉटवाली नको म्हणून कळवलं. 6 किलोवॉटची एक बघून ठेवली आहे: टाकी नाही, जाळी वर-खाली होते, 33 सेंटीमीटरची फाटी मावते, काजळीचं दार समोर आहे. वरचा पत्रा मात्र किती लांब असला म्हणजे पुरतो ते कागदावरच्या मापावरून कळत नाही. वहिनी, पुढच्या रविवारी तुमची शेगडी पेटलेली असेल तेव्हा येऊ का? माझी दोन भांडी घेऊन येते.