ऑटोमॅटिक बिल्ज पंप: होडी वाचवतो की गळती झाकतो?

तळकोरडा:
माझी फायबरची शिडाची होडी चाळीस वर्षांची. तळात साचलेलं पाणी, म्हणजे बिल्ज, मी हातपंपानेच उपसतो. जो भेटतो तो सांगतो, फ्लोट स्विचवाला, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा ऑटोमॅटिक पंप बसवा. मला पटत नाही. आठवड्याला वीस हापसे लागायचे. गेल्या महिन्यात साठ लागले, तेव्हाच कळलं की प्रोपेलर शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या स्टफिंग बॉक्सचं पॅकिंग झिजलंय. ऑटोमॅटिक असता तर तो गुपचूप पाणी फेकत बसला असता आणि मी खुशाल शिडं उभारून हिंडलो असतो.

एकडोल:
अहो, पण तुम्ही होडीवर नसताना हापसणार कोण? गळतीच कळायला हवी ना? मग पंपाला काउंटर लावा. कितीदा सुरू झाला ते आकड्यात दिसतं.

तळकोरडा:
निघताना सीकॉक, म्हणजे होडीच्या बुडातल्या भोकांवरच्या तोट्या, बंद करतो मी. आणि पंपाच्या भरवशाचा हिशोबच करू. पाण्याखाली फूटभर, एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला ४५ लीटर तरी पाणी आत येईल. तासाला ११०० गॅलनचा पंप म्हणजे कागदावर मिनिटाला ७० लीटर, तेही चढ शून्य धरून. मीटरभर चढ आणि वळ्यावळ्यांची नळी आली की त्यातलं किती उरतं ते बघा. बॅटरी संपेपर्यंतच सगळा खेळ.

ओलीसुकी:
भोक सोडा हो. धक्क्याला बांधलेली जुनी होडी थेंबाथेंबानेही बुडते. मिनिटाला १०० मिलिलीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वाटी, गळालं तरी दिवसाला १४४ लीटर होतात. आठवड्यात टनभर! एवढं पाणी साधा पंप दिवसाला पाचेक मिनिटांत फेकतो, बॅटरीला पत्ताही लागत नाही. आणि सीकॉक बंद केल्याने शाफ्टची गळती थांबत नाही, तुमचं पॅकिंगच बघा की.

माझ्याकडे पंप होता, तरी एकदा आत पाऊल टाकलं तर फळ्या तरंगत होत्या. पंप ठणठणीत, बॅटरी भरलेली. वायर मेन स्विचवरून घेतलेली होती आणि मेन स्विच मीच शहाण्यासारखा बंद करून घरी गेलो होतो! आता वायर थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसकट. जोड बिल्जच्या बरेच वर, क्रिंप करून (दाबून) वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवलेले. आधीच्या जोडांमधलं तांबं हिरवं पडून बोटाने चुरलं जात होतं.

एकडोल:
शिडाच्या होडीत आणखी एक मेख आहे. होडी कलली की बाहेर फेकायचं तोंड पाण्यात जातं आणि सायफन उलटा चालू होतो. पंपच होडी भरतो म्हणा ना! नळीला उंच वळसा देऊन वर हवेची झडप ठेवा.

तळकोरडा:
सरळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लावला तर?

एकडोल:
त्याच्यावर विसंबू नका. कचरा अडकला की तो उघडाच राहतो, नाहीतर बंदच. शिवाय प्रवाह कमी होतो.

तळकोरडा:
आणि इंजिनाचं तेल सांडलं तर पंप तेही समुद्रात ओकणार, त्याचं काय?

ओलीसुकी:
हे मात्र खरं. मी इंजिनाखाली ट्रे ठेवलाय, त्यात तेल शोषणारं कापड. तरी धाकधूक असतेच.

तळकोरडा:
बरं, बसवतो. पण हातपंप काढणार नाही. काउंटरचा आकडा आधी महिनाभर माझ्या हापशांशी ताडून बघेन.