जुन्या रोडस्टरच्या फ्रेमवर साधी शहरी सायकल : काय ठेवावं, काय बदलावं? (बडोदा)

दांडियाकर :
२४ इंची जुनी रोडस्टर फ्रेम आहे. लगची (नळ्या लोखंडी बाह्यांत घालून पितळेने जोडलेल्या), गंज वरवरचा. २८ × १½ ची चाकं, रॉड ब्रेक (केबलऐवजी दांड्यांनी ओढले जाणारे), कॉटरची क्रँक (पॅडलचा दांडा पाचरीसारख्या पिनने बसवलेला), पुढे ४४ दाते, मागे १८. रोजचा रस्ता दांडिया बाजार ते अलकापुरी, म्हणजे मधे गरनाळा (रेल्वेखालचा खोलगट रस्ता) आलाच. गिअर नकोत, केबली जितक्या कमी तितकं बरं. बेत असा: रॉड ब्रेक काढून कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेक) लावायचे, काळं पावडर कोटिंग, बाकी आहे तसंच. पैसे कशावर घालावेत?

आरेछर्रे :
चाकांवर. आणि बेतात एक गफलत आहे. रॉड ब्रेकचं रबर रिमच्या पोटाला, आऱ्यांच्या बाजूने टेकतं, त्यामुळे त्या रिमच्या कडा गोलसर ठेवलेल्या असतात. कॅलिपरच्या रबराला सपाट कड लागते. गोल कडेवर ते रेघभर टेकतं, आवाज करतं आणि सायकल थांबवत नाही. ब्रेक बदलायचे तर रिमही बदलाव्या लागतील. मग अॅल्युमिनियमच्याच घ्या. क्रोम केलेल्या लोखंडावर पावसात रबर नुसतं घसरतं.

जुने हब नव्या रिमवर सहसा चढत नाहीत: पुढे ३२ आरे, मागे ४० असा जुना हिशेब, आणि बाजारात मिळते ती ३६ भोकांची. ६२२ मिमीची रिम (तुमची आत्ताची २८ × १½ म्हणजे ६३५) आणि ४० मिमी टायर घ्या. चाकाचा बाहेरचा व्यास जुन्यापेक्षा जेमतेम सेंटिमीटरभर कमी होतो, सायकलची ठेवण बिघडत नाही.

मागे कोस्टर हब लावा, म्हणजे पॅडल उलटं दाबलं की ब्रेक. मागची केबल कायमची गेली. घेण्याआधी मागच्या दोन पात्यांमधलं (चाकाचा एक्सल ज्या खाचांत बसतो त्या पट्ट्यांमधलं) आतलं अंतर मोजा, ११० मिमी हवं. हबची पट्टी चेनच्या विरुद्ध बाजूच्या नळीला क्लिपने घट्ट आवळा. ती ढिली राहिली तर ब्रेक दाबताच पट्टी फिरते आणि एक्सलचे नट सुटतात. शिवाय चेन उतरली की हा ब्रेक गेला, म्हणून पुढचा कॅलिपर हवाच.

कॉटरपिन :
वरच्याशी सहमत, फक्त मागे १८ ऐवजी २० दात्यांचं चक्र घाला. ४४/१८ वर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर जाते, ४४/२० वर ४.८. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी १९ च्या जागी १७ किमी. पण गरनाळ्यातून वर येताना उभं राहून रेटावं लागत नाही. चेन तीच राहिली तर चाक साधारण ६ मिमी पुढे सरकेल, तेवढी खाच शिल्लक आहे ना ते बघा. चेनला मधोमध १०-१२ मिमी हेल ठेवा. त्याहून ताणली तर हब जड फिरतो.

आता कॉटर. बहुतेकजण इथेच क्रँक खराब करतात. पिन नट आवळून ओढायची नसते, हातोडीने बसवायची असते. नट फक्त ती धरून ठेवतो. ठोकताना क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्या, नाहीतर प्रत्येक घाव छऱ्यांमधून कपावर (छर्रे फिरतात त्या वाटीवर) जातो आणि कपाला खड्डे पडतात. दोन पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला. एकाच दिशेने घातल्या तर दोन्ही पॅडलं एका रेषेत येत नाहीत. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा ठोका. दर फेरीला एक 'टक्' ऐकू आला तर पिन हलते आहे.

बीबीत (क्रँकची दांडी जिच्यातून जाते त्या आडव्या नळीत) दोन्ही बाजूंना पाव इंची ११-११ छर्रे. उजव्या कपाचे आटे उलटे असतात, सरळ समजून जोर लावू नका. गरनाळ्यात पाणी भरतं त्या दिवसांसाठी बीबीच्या नळीला तळाशी ४ मिमीचं भोक पाडा. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरलंय.

लगची_रेघ :
पावडर कोटिंगला माझा विरोध आहे. थर जाड बसतो आणि लगच्या टोकांची कातीव कड बुजून जाते. त्या फ्रेमवर बघण्यासारखं तेवढंच तर आहे! पातळ प्राइमर, वर इनॅमलचे दोन हात. पावडरच करायची असेल तर बीबीचे आटे आणि हेडच्या (हँडलखालच्या) नळीची दोन्ही तोंडं बंद करून द्या, नाहीतर कप बसणार नाहीत.

रंगाच्या आधी दोऱ्याची परीक्षा करा. मागच्या एका पात्यातून दोरा हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पात्यात आणा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. २-३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर फ्रेम वाकडी आहे.

आणि चेनचा पूर्ण डबा, लांब मडगार्ड, दोन पायांचा स्टँड टाकून देऊ नका. 'साधी' करायच्या नादात लोक हेच आधी काढतात, आणि पहिल्या पावसात धोतर असो की पँट, चेनचं काळं लागतंच. पुढे वाकलेला लांब चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) खड्ड्याचा दणका गिळतो, तोही तसाच राहू द्या.

दांडियाकर :
दोरा लावला, फरक १ मिमी. पात्यांमधलं अंतर ११०. चिमट्याच्या माथ्याला आरपार भोक आहे, तिथून सध्याच्या ६३५ च्या रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत ६८ मिमी. नेहमीचा कॅलिपर चालेल?

आरेछर्रे :
नाही. ६२२ ची कड ६.५ मिमी खाली येते, म्हणजे ७४.५. लाँग रीच (लांब बाहूंचा) कॅलिपर मागा, ६१ ते ७८ मिमीचा मिळतो. चाक आधी बांधून आऊट (डगमग) काढून घ्या, मग पुन्हा मोजा, आणि त्यानंतरच कॅलिपर विकत घ्या.